अब्बांचा अष्टक नियम

आमचं घर आणि आमची गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीसुद्धा अर्धी पत्र्याची. त्यामुळं माझं सगळं शिक्षण इंजिनाच्या वरताण ओरडून झालं. डिझेलचं ते इंजिन सकाळी सुरू झालं की पुक-पुक करत जेवणवेळेपर्यंत थांबायचं नाही. माकणीत कुणाचं घड्याळ बंद पडलं तर चालायचं, पण रशीदभाईची, म्हणजे माझ्या अब्बांची, गिरणी बंद पडली तर गावाच्या चुली अडायच्या. पट्टा फटफटायचा, जात्याची घरघर तळपायातून वर चढायची, आणि पीठ तर विचारू नका. पुस्तकांवर पीठ, गोधड्यांवर पीठ, कोंबड्यांच्या पाठीवर पीठ. अम्मी म्हणायची, "निकाहाच्या दिवशी तुझे अब्बा सावळे होते. त्यानंतर मी त्यांना पांढरंच बघत आले." अशा घरात मनातल्या मनात वाचणं शक्यच नव्हतं. मी दारात बसून घसा फोडून पाठांतर करायची, आणि दळणाच्या रांगेतल्या बाया डबे खाली ठेवून ऐकायच्या. त्यातल्या निम्म्या जणींना त्या वर्षी माझ्याइतकंच रसायनशास्त्र येत होतं, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

घरात आम्ही आठ माणसं. दादा, म्हणजे अब्बांचे वडील, अब्बा, अम्मी, आम्ही चार भावंडं, त्यात थोरली मी, आणि जैबूनफुफी. फुफी अब्बांची धाकटी बहीण. लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती तोवर नवरा तापानं गेला आणि अब्बा स्वतः जाऊन तिला परत घेऊन आले. मी त्याच साली जन्मले. अम्मीनं मला तिच्या ओटीत ठेवलं ती मी अकरावीला जाईपर्यंत तिथंच होते म्हणा ना. ती मला न्हाऊ घालायची, वेणी घालताना कान पिरगळायची, अंबाड्याच्या भाजीवर लसणाची फोडणी माझ्यासाठी वेगळी ओतायची आणि वर बाकीच्यांना सांगायची की हिला खोकला झालाय. हसायला लागली की तिला थांबता यायचं नाही. ओढणी तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी काढून हसायची. दहावीनंतर मला तालुक्याला सायन्सला घालायचं का, यावर घरात बराच काथ्याकूट झाला. तेव्हा ती एकच बोलली, "एस्टीत मी बसवीन, एस्टीतनं मी उतरवून घेईन. आता कुणाला काय बोलायचंय?" आणि मी अकरावी सायन्सला गेले.

(घरात आम्ही दखनी बोलायचो, गिरणीत मराठी, आणि भांडताना दोन्ही. इथं मी सगळं मराठीत लिहितेय. माझ्या नातीला दखनी कळते, पण वाचायला मराठीच लागते.)

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भूमहून खाला आली, म्हणजे अम्मीची बहीण. येताना फुफीसाठी स्थळ घेऊन आली. ईट गावचे इस्माईल मास्तर, टेलर. बायको वारलेली, एकुलत्या एक मुलीचं लग्न झालेलं, घरात एकटा माणूस. "आवाज चढवून बोलत न्हाय," खाला म्हणाली, "गिऱ्हाईकानं कापड चुकीचं आणलं तरी आधी पाणी देतो." अम्मीला स्थळ पसंत पडलं. दादांना ऐकू कमी यायचं, त्यांनी "रशीदला विचारा" म्हणून तसबीहचे मणी पुढं ओढायला सुरुवात केली. आणि अब्बा भडकले. खरं तर भडकणारा माणूस नव्हे तो. पण त्यांना ते लागलं. "लोक काय म्हणतील? भावाला बहीण जड झाली. पस्तिशीच्या पुढं गेलेल्या बाईला आता बोहल्यावर चढवताय? काय कमी आहे तिला इथं?" फुफी तांदूळ निवडत बसली होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "भाई म्हणतील तसं." अब्बांनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं बघितलं. मलाही बरं वाटलं. फुफी गेली तर माझं कसं होणार, एवढंच मला दिसत होतं.

खाला मात्र चिवट. दीड-दोन महिने विचार करा, मास्तर थांबतील, असं सांगून ती भूमला गेली. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या वर्गात रासायनिक बंध सुरू झाले.

आम्हाला केमिस्ट्रीला सोनकांबळे सर होते. उंच, हडकुळे, सदऱ्याच्या खिशाला नेहमी खडूचा डाग. बोलताना फळ्याकडं न बघता फळ्यावर लिहायचे. त्यांनी सांगितलं की प्रत्येक अणूला आपल्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन हवे असतात. ज्याच्याकडं एक जास्तीचा आहे तो देऊन टाकतो, ज्याला एक कमी आहे तो घेतो, काही जण भागीदारीत वापरतात. सोडियम देतो, क्लोरिन घेतो, मीठ होतं. आणि निऑन, आरगॉन यांचे आठ आधीच पुरे. म्हणून ते कुणाशी जुळत नाहीत, कुणाकडं जात नाहीत, आपल्या जागी सुखात असतात. याला अष्टक नियम म्हणायचं. मी घरी येऊन हे नेहमीप्रमाणं इंजिनाच्या वर ओरडून पाठ केलं. "ज्याचे आठ पुरे, तो कुणाशी जुळत नाही! ज्याचे आठ पुरे, तो स्थिर!"

दुसऱ्या दिवशी अब्बांनी जात्यात ज्वारी ओतता ओतता विचारलं, "शम्मे, ते आठाचं पुन्हा सांग." मी सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग बोटावर मोजलं, दादा, मी, तुझी अम्मी, चार पोरं, जैबून. आठ! मी त्यांचा तो चेहरा विसरणार नाही. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर गेल्या, आणि त्या माणसाला जणू जमिनीत हंडा सापडला.

तेव्हापासून गिरणीत अष्टक नियमाशिवाय दुसरा विषय नव्हता. दळण टाकायला कुणीही येवो, अब्बा सुरू. "सायन्सचं म्हणणं आहे बरं का, माझं नव्हे. आठ झाले की मूलद्रव्य गप बसतं. कुणाच्या दारात जात न्हाय. आमचं घर तसलं. आठ माणसं एका दस्तरखानावर जेवतात. एक काढा की सगळं बिघडलं!" शेजारच्या गल्लीतल्या सखूबाई तोंडाळ. त्या म्हणाल्या, "रशीदभाई, मग आमच्या घरात अकरा हायती, त्येचं काय करू?" अब्बा म्हणाले, "तीन सोडियमवानी देऊन टाका." "घ्या की तुमीच. तिन्ही सुना घ्या. दिवसभर कालवा करत्यात." सगळी रांग हसली. पण मागून कुणीतरी विचारलं, "आन् आमी नवरा-बायको दोघंच हाव, आमचं वो मामू?" तेव्हा अब्बांनी इंजिनाचा आवाज वाढवला.

अम्मी चिडायची. "माणसाची गोष्ट चाललीय, मिठाची न्हाय," ती म्हणायची. "एका बाईच्या उभ्या जन्माचा प्रश्न, आणि हे पोरीच्या पुस्तकातनं उत्तर काढायलेत." अब्बा म्हणायचे, "पुस्तकात खोटं असतं का?" यावर अम्मी तणतणत आत जायची, कारण आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तरी ते उचलून कपाळाला लावायची पद्धत. आणि फुफी? फुफी हे सगळं ऐकून हसायची, सगळ्यांच्या बरोबरीनं, पण ओढणी तोंडात कोंबायची गरज तिला पडत नव्हती. तेवढं माझ्या लक्षात आलं होतं.

मग एके दिवशी सरांनी फळा पुसला आणि म्हणाले, "आता अपवाद." आमच्यातल्या एकानं विचारलं, "सर, परीक्षेला असतंय का?" सर म्हणाले, "परीक्षेला असो-नसो, दुनियेत आहे." हायड्रोजनला आठ लागतच नाहीत, तो दोनावर समाधानी. बोरॉनचं काही संयुगांत सहावर भागतं. फॉस्फरस दहा घेऊन बसतो, गंधक बारा. नायट्रिक ऑक्साइडमध्ये तर एक इलेक्ट्रॉन शेवटपर्यंत एकटाच राहतो. आणि झेनॉन. "हा निऑनचाच भाऊबंद," सर म्हणाले. "आठ पुरे. याला कुणाचीच गरज नाही, असं मोठमोठी माणसं छातीठोक सांगत होती. एका शास्त्रज्ञानं करून बघितलं, तर झेनॉन जुळला! फ्लोरिनशी तर चांगला जुळतो. गरज नाही म्हणून कुणी त्याला तोवर नीट विचारलंच नव्हतं." सर असंच बोलायचे. वर्ग हसला, मला काही हसू आलं नाही. त्या दिवशी एस्टीत मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि माकणी आल्याचंही मला कळलं नाही. थांब्यावर फुफी उभी होती. तिनं विचारलं, "काय गं, मारलं का सरांनी?" मी तिच्या गळ्यात पडून रडले. का रडतेय ते सांगितलं नाही. ती माझी पाठ थोपटत राहिली आणि बिचाऱ्या सरांना शिव्या देत राहिली.

संध्याकाळी मी अब्बांना सांगितलं. गिरणी बंद होती, त्यामुळं ओरडावं लागलं नाही. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नियमाला अपवाद? मग तो नियम कसला? तुझ्या सरांचंच काहीतरी चुकलंय." मी म्हणाले, "पुस्तकात खोटं असतं का अब्बा?" माझ्या तोंडून निघून गेलं. अम्मीनं दारातून "हाऽऽ" असा दम सोडला. अब्बांनी टोपी काढून डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, "येळवसेला सरांना बोलाव. मी त्यांच्याच तोंडून ऐकतो."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडची ही गोष्ट बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात आणि सगळी माणसं रानात असतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, तिच्यात पूजा, आणि मग रानातच जेवण. धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आमचा छोटासा तुकडा होता. आमच्या कोपीत पूजा नसायची, पण भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून केलेली पातळ भाजी असायची, बाजरीचे वाफवलेले उंडे असायचे, आणि मडक्यातलं लसूण लावलेलं आंबील असायचं. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारायचीच, आणि हाक आली की त्यानं बसायचंच. जातपात, ओळख-पाळख कुणी विचारत नाही. आता माझी मुलं पुण्याहून गाडी घेऊन त्या दिवसापुरती येतात आणि फोटो काढतात. काढू देत. भज्जी खातात तेवढं पुरे.

सर सायकलवर आले. अब्बांनी त्यांना कोपीच्या सावलीत घोंगडीवर बसवलं. भज्जी वाढली, आंबील दिलं, हवापाण्याचं बोलणं झालं. मग अब्बा घसा खाकरून म्हणाले, "सर, तुम्ही जाणकार. मी अडाणी. एकच सांगा. ज्याचे आठ पुरे, तो जुळत न्हाय. बरोबर?"

सरांना घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी त्यांना सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं होतं का ते? ते उंडा मोडत म्हणाले, "बहुतेक बरोबर."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे नियम आपण केलेला आहे, रशीदभाई. पुष्कळ अणू तसं वागतात म्हणून आपण म्हणालो, आठ. अणूनं काही तसं लिहून दिलेलं नाही. झेनॉन आठ असून जुळतो. हायड्रोजनला आठांचं घर दिलं तरी नको, त्याला दोनच बास. ज्याचं त्याला ठाऊक."

अब्बांचा घास हातातच राहिला. बाजूला मडक्यापाशी फुफी बसली होती. परक्या पुरुषासमोर ती कधी तोंड उघडायची नाही. पदर, म्हणजे ओढणी, पुढं ओढून बसलेली. आणि तिथून तिचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"सर, त्यो झेनॉन जुळतो म्हणालात. जुळल्यावर टिकतं का ते?"

सरांनी मान वळवली. वर्गात कुणी चांगला प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा उजळायचा, तसा उजळला. "टिकतं की बाई. नीट सांभाळलं तर चांगलं टिकतं. बाटलीत भरून ठेवतात."

"आन् त्येचं मूळचं काय मोडत न्हाय?"

"नाही हो. तो झेनॉनच राहतो."

फुफीनं मान हलवली आणि पळीनं आंबील ढवळायला लागली, उगाचच. सर बिचारे गोंधळून एकदा माझ्याकडं, एकदा अब्बांकडं बघायला लागले. धरणावरून वारा येत होता आणि कोपीचा कडबा खसखस वाजत होता. अब्बा बहिणीकडं बघत होते. अम्मी बघत होती. त्या दोन प्रश्नांत फुफीनं जेवढं सांगितलं तेवढं ती इतक्या वर्षांत बोलली नव्हती.

अब्बा हळूच म्हणाले, "जैबून, तुला जायचंय?"

"तुमी न्हाय म्हणालात तर न्हाय जाणार, भाई," ती म्हणाली. "पण तुमी मला इच्यारलंच न्हाय. गिरणीत आलेल्या समद्या गावाला इच्यारलंत."

अब्बा उठले आणि बांधाच्या पलीकडं जाऊन पाण्याकडं तोंड करून उभे राहिले. माझा बाप रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि तोही पाठमोरा. सर चप्पल शोधायला लागले. अम्मीनं त्यांना अडवलं, "बसा सर, येळवसेला उपाशी उठू न्हाय," आणि त्यांच्या ताटात आणखी भज्जी ओतली. परत आल्यावर अब्बा एवढंच म्हणाले, "भूमला निरोप धाडा."

निकाह साधा झाला. सर आले होते, सखूबाई आल्या होत्या, तिन्ही सुनांसकट. निघताना फुफीनं मला छातीशी धरलं आणि कानात सांगितलं, "एस्टीत बसायला आता तुला कुणी लागत न्हाय, शम्मो. मोठी बाई झालीस तू." मी तिला जाऊ द्यायला तयार होते असं मुळीच नाही. मी तिची ओढणी धरून ठेवली होती, अम्मीला ती माझ्या मुठीतून सोडवावी लागली. घर इतकं मोकळं झालं की कोंबड्यासुद्धा तिला शोधत चुलीपर्यंत यायच्या. अब्बांनी गिरणीत रसायनशास्त्र पूर्ण बंद केलं. कुणी मुद्दाम काढलंच तर म्हणायचे, "दळण ठेवा आणि घरला जावा."

महिनाभरानं अब्बा आणि मी ईटला गेलो. सकाळी निघालो ते दुपारी जेवणवेळेला पोचलो. रस्त्याला लागून मास्तरांचं दुकान, मागं दोन खोल्या. मास्तर खरंच हळू बोलणारे निघाले. फुफीनं शेंगदाण्याची आमटी, वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. आम्हाला ताटं वाढली आणि ती चुलीकडं वळणार, तर मास्तर म्हणाले, "आता बास की. झाल्यात तेवढ्या पुरे. बस." आणि तिच्यासाठी त्यांनी स्वतः ताट मांडलं. ती लाजली. मग बसली. आमच्यासमोर मांडी घालून, तव्यावरून आत्ताच उतरलेली भाकरी मोडून, बोटं भाजली म्हणून फू-फू करत खायला लागली. तोंडात घास असतानाच मला विचारलं, परीक्षा कधी, दादांचा खोकला कसा आहे, काळी कोंबडी खुडूक बसली का. मास्तर काहीतरी बोलले आणि तिला हसू आलं. ओढणी तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी काढून ती हसली. अब्बा मात्र खायचे थांबले होते. ते नुसते बहिणीकडं बघत होते. फुफीनं विचारलं, "भाई, तिखट झालं का?" ते म्हणाले, "न्हाय गं. झक्कास झालंय."

परतीच्या वाटेवर ढोकीच्या अलीकडं उसाचे ट्रॅक्टर आडवे आले आणि एस्टी थांबून राहिली. अब्बा एकदम म्हणाले, "शम्मे, आपण घरात आठ जण होतो ना?"

"व्हय अब्बा."

"आणि जेवायला किती बसायचो?"

मी मनात दस्तरखान मांडला. दादा, अब्बा, अम्मी, आम्ही चौघं. फुफी चुलीपुढं. तव्यावरची भाकरी थेट ताटात पडायची, ती संपायच्या आत दुसरी यायची, आणि सगळे उठल्यावर ती कधीतरी, कुठंतरी, उरलेलं खायची. तिला जेवताना मी पाहिलंच नव्हतं. तिच्या ओटीत वाढलेली मी, मीसुद्धा नाही.

"सात," मी म्हणाले.

अब्बांनी तोंड खिडकीकडं वळवलं आणि ते माकणी येईपर्यंत तसंच ठेवलं.

घरी आलो तेव्हा अम्मी चुलीपुढं बसली होती. फुफीची जागा आता तिची झाली होती. दस्तरखान नेहमीच्या जागी, बाहेरच्या खोलीत अंथरलेला, पोरं ताटं घेऊन बसलेली. अब्बांनी हातपाय धुतले, दस्तरखान चारी कोपरे धरून ताटांसकट उचलला आणि आत नेऊन चुलीशेजारी अंथरला. जागा पुरेना. दादा धुरानं खोकायला लागले.

"ह्ये काय नवीन?" अम्मी म्हणाली. "बसा की भाएर. गरम गरम वाढते."

"तू सगळ्या भाकऱ्या करून घे," अब्बा म्हणाले, "आणि इथं ये. मग सुरू करू."

"गार होतील तोवर."

"गार खाऊ," अब्बा म्हणाले आणि हात धुतलेले तसेच मांडीवर ठेवून वाट बघत बसले.